यशोधरेवर जळायचं कसं?

मोईन पहिल्यांदा रुमाईसासमोर आला तेव्हा त्याचा चेहरा दिसतच नव्हता. दिसत होत्या त्या खुर्च्या. एकात एक घातलेल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची डोक्याच्याही वर गेलेली चळत, आणि त्या चळतीखाली पँट दुमडलेले दोन पाय.

आणि रुमाईसा? ती हॉलच्या मधोमध डोळे मिटून गिरकी घेत होती. डोळे मिटून गिरकी घ्यायची नाही, असं बॅलेच्या सारिका टीचर रोज ओरडायच्या. पण लोणावळ्यात बाहेर पाऊस कोसळतोय, मंगल कार्यालयाच्या पत्र्यावर ताशा वाजतोय, आणि अशा वेळी डोळे उघडे ठेवून नाचायचं? छे!

ती फिरत फिरत गेली ती थेट चळतीवर.

कुणीही असतं तर खुर्च्या टाकून पळालं असतं. चळतीखालचे पाय मात्र अलगद चवड्यांवर उचलले गेले, एका जागी गर्रकन फिरले, रुमाईसाच्या वेणीचं टोक शेवटच्या खुर्चीला चाटून गेलं… आणि एकही खुर्ची पडली नाही.

"दिसत नाही का?" रुमाईसा दम खात म्हणाली.

"माझ्या डोळ्यांपुढं खुर्च्या हायेत," चळतीतून आवाज आला. "तुमच्या डोळ्यांपुढं काय व्हतं?"

रुमाईसाने वेणी पुढे ओढली आणि टोक तपासल्यासारखं केलं.

सारिका टीचर मात्र टाळी वाजवत धावत आल्या. "ए मुला! आत्ता काय केलंस तू? परत कर!"

"खुर्च्या घिऊन का खुर्च्या ठिवून?"

ठेवून म्हणाल्या. मग चळत खाली आली आणि वरून चेहरा निघाला. सावळा, भिजलेला, गालाला एकाच बाजूला खळी पडणारा. मंडपवाल्याकडे कामाला असलेला, आंदर मावळातला मोईन. उद्याच्या साखरपुड्याच्या खुर्च्या घेऊन आला होता, जाताना बॅलेच्या क्लासमध्ये नाव घालून गेला. क्लासमध्ये मुली ढीगभर होत्या आणि उचलणारा मुलगा एकही नव्हता, त्यामुळे टीचरांनी त्याला 'विचार करून सांग' म्हणायचीही संधी दिली नाही.

त्या रात्री रुमाईसाने फुफीला, म्हणजे आत्याला, भाकरीच्या पिठात बोट बुडवून खळी काढून दाखवली. "एवढी. एकाच बाजूला."

"पीठ वाया घालवू नकोस," फुफी म्हणाली.

आता रुमाईसाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ती लहानपणी टाचा टेकून चालायचीच नाही. सदा चवड्यांवर. अम्मी गेल्यावर तर जास्तच. चाँदभाईंचं बाजारात चपलांचं दुकान, आणि त्यांच्याच मुलीच्या चपला फक्त पुढून झिजायच्या! शाळेत पोरं मागून 'बकरी, बकरी' करत यायची. डॉक्टरांनी पायांना प्लॅस्टर घातलं, ते काढलं, पुन्हा घातलं. खेळाच्या तासाला ती भिंतीला टेकून बसायची आणि बकरी म्हणणाऱ्यांची नावं मनात पाठ करायची. एकदा चपला घ्यायला दुकानात आलेल्या सारिका टीचरांनी तिला फळीवरचा डबा काढताना पाहिलं आणि चाँदभाईंना म्हणाल्या, "हिला माझ्याकडे पाठवा." जगभर बॅलेत मुलींना टाचा उचलायला शिकवतात. रुमाईसाला टीचरांनी आधी टाचा टेकवायला शिकवलं. रडवून शिकवलं. मग एक दिवस टाचा टेकल्या, आणि त्यानंतर ती जी उचलली गेली ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत खाली आलीच नव्हती. 'बकरी' म्हणणारी पोरं आता तिचे व्हिडिओ लाइक करायची. तिने एकालाही उलट लाइक दिला नव्हता!

आणि आता मोईन. तो तिला म्हणायचा, "तू उभी ऱ्हायलीस की मंडपाचा मेन खांब वाटतीस बघ." हे कौतुक आहे हे कळायला तिला आठवडा लागला. तो पाणी प्यायला बाटली पुढे करायचा, आणि ती घेताना बोटाला बोट लागलं की दोघंही एकदम पत्र्याकडे बघायची, जणू पाऊस तिथेच लिहिलेला आहे. एकच गोष्ट तिला खटकायची. इतर मुलींबरोबर अचूक ताल धरणारा मोईन तिच्याबरोबर मात्र हमखास चुकायचा. पाऊल उशिरा, हात आधी, आणि नजर कुठेतरी भलतीकडेच.

तरी वार्षिक कार्यक्रमातला ड्युएट आपलाच, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. मोईन आणि रुमाईसा. पोस्टरसुद्धा मनात छापून झालं होतं.

मग यशोधरा आली.

तळेगावहून, व्हीलचेअरवर, लाल लिपस्टिक लावून. टीचरांनी बाहेर पाटीच लावली होती: 'ज्याला नाचावंसं वाटतं त्याने यावं.' यशोधराने ती वाचली, दाराशी थांबून विचारलं, "हे सगळ्यांसाठी आहे की पाटीपुरतं?" आणि उत्तराची वाट न पाहता आत येऊन एका चाकावर अशी गिरकी घेतली की सगळ्यांनी सराव सोडून माना वळवल्या.

आणि टीचरांनी ड्युएट तिला दिला. मोईन आणि यशोधरा.

रुमाईसा सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागली. सगळ्यांत जोरात. तळहात लाल होईपर्यंत! कारण आत जे काही पेटलं होतं ते बाहेर दिसलं असतं तर? व्हीलचेअरवरच्या मुलीवर जळणारी मुलगी… किती वाईट दिसतं ते! दुसरी कुणी असती तर रुमाईसाने तिला नाक मुरडलं असतं, तिच्या पोनीटेलला नावं ठेवली असती, चार मैत्रिणी गोळा करून मोकळी झाली असती. पण इथे? इथे जळायचीसुद्धा सोय नाही.

"फुफी," घरी तिने विचारलं, "समज एखादी मुलगी चालू शकत नाही. तिच्यावर राग आला तर?"

"तौबा म्हण!" अजीजुन्निसा फुफी लाटणं उगारत म्हणाली. "अशा मुलींसाठी दुआ करावी."

रुमाईसाने दुआ केली. मनापासून हात उचलले. "या अल्लाह, यशोधराला खूप सुख दे, खूप नाव दे… दुसऱ्या क्लासमध्ये."

मग ती चांगली वागायला लागली. इतकी चांगली की बघवत नव्हतं. यशोधराला न विचारता तिची खुर्ची ढकलायची, बाटली उघडून द्यायची, ती काहीही बोलली की 'हो गं, खरंच गं' करायची. सरावात यशोधराचा डावा हात प्रत्येक वेळी उशिरा यायचा. चाक सोडून तो हात मोईनकडे जायचा असायचा, आणि मोईनला अर्धी मात्रा ताटकळावं लागायचं. सगळ्या क्लासमध्ये हे फक्त रुमाईसाला दिसायचं, कारण दुसरं कुणी त्या हाताकडे इतक्या जळजळीने बघतच नव्हतं! पण ती बोलली नाही. म्हणाली, "वा! सुंदर!"

सराव संपला की मोईन गायब. "काम हाय," म्हणायचा आणि मंडपाच्या टेम्पोतून तळेगावच्या बाजूला सुटायचा. तळेगाव! तिथे कोण राहतं? रुमाईसा दारात उभी राहून टेम्पोचा मागचा दिवा वळणाआड जाईपर्यंत बघायची, आणि मग त्या वळणावरही रागवायची.

आणि एका रविवारी दोघंही क्लासला आले नाहीत.

"यशोधरादीदी मोईनभाईच्या गावाला गेलीय," क्लासमधल्या छोट्या आयराने बूट काढता काढता बातमी दिली. "त्याच्या अम्मीने बोलावलंय."

अम्मीने! मुलीला! घरी! रुमाईसाने एका पायात बॅलेचा बूट आणि एका पायात चप्पल घालून दारापर्यंत मजल मारली, मग परत येऊन दुसरी चप्पल घातली.

"एक्स्ट्रा क्लास आहे," तिने फुफीला फोनवर सांगितलं, पुण्याकडची लोकल पकडली, कान्ह्याला उतरली, टाकव्यापर्यंत जीप, आणि पुढे मोईनच्या वाडीची वाट विचारत चालत. रस्ता संपतच नव्हता. पाऊस आडवा, छत्री उलटी. वाटेत तिने यशोधराशी मनातल्या मनात चार भांडणं केली आणि चारही जिंकली. पण प्रत्येक भांडणाच्या शेवटी मोईन तिथून निघून गेलेला असायचा, यशोधराची खुर्ची ढकलत. तो गेला तर? खरंच गेला तर? ड्युएट गेला तर नवा बसवता येतो. पण त्या एका बाजूच्या खळीचं काय करायचं?

वाडीपाशी पोचली तर समोर भाताची खाचरं, त्यात वाकलेल्या पाठी आणि पाठींवर निळे-पिवळे प्लॅस्टिकचे कागद. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालली होती. बांधावर यशोधराची व्हीलचेअर, आणि तिच्यावर ऐटीत बसलेली एक कोंबडी.

आणि यशोधरा? ती खाली! रोपाच्या वाफ्याच्या कडेला, मंडपाच्या फळीवर बसून रोपं उपटत होती, मुळं पाण्यात आपटून धूत होती, जुड्या बांधत होती. लाल लिपस्टिक तशीच, आणि कपाळापर्यंत चिखल.

"ए यशोदे!" एक म्हातारी खाचरातून कडाडली. "जुडी ढिल्ली बांधलीस! हातात सुटतीया समदी! ध्यान कुटं हाय?"

रुमाईसाने झटकन यशोधराकडे पाहिलं. असं बोलतात हिच्याशी? पण यशोधराचा चेहरा उजळून निघाला. "चुकलं, झुंबरआजी! पुढची घट्ट बांधते!"

तेवढ्यात झुंबरबाईंची नजर बांधावर गेली. "आन् ही कोन? आगं, बांधावर उबं ऱ्हाऊन आवणी व्हती व्हय? उतर खाली!"

"मी फक्त… भेटायला आलेय."

"मंग भेट की. चिखलात बी भेटता येतंया."

पलीकडच्या बांधावरून मोईन जुड्यांचा भारा घेऊन येत होता. तिला पाहिलं आणि भारा हातातून सुटला, थेट पाण्यात. खुर्च्यांची चळत सांभाळणारा हा मुलगा!

रुमाईसा त्याच्याकडे न बघता खाचरात उतरली. पाय घोट्यापर्यंत गेला, पोटरीपर्यंत गेला. ती सवयीने चवड्यांवर उभी राहायला गेली आणि तोंडावर पडता पडता वाचली.

"टाच रोव, टाच!" झुंबरबाई ओरडल्या. "चिखलात मोरावानी चालत न्हाईत!"

टाचा रोवून, दात-ओठ खाऊन ती यशोधरापर्यंत पोचली. "तू इथे काय करतेयस?"

"सावड फेडतेय."

"काय?"

"आमच्या घराला पायऱ्या आहेत ना, बाबा मला उचलून खाली आणायचे. मोईनने संध्याकाळी येऊन येऊन फळ्यांचा उतार बांधला. मी म्हटलं, बदल्यात काय? म्हणे काही नको. म्हटलं, मग उचल तुझ्या फळ्या आणि चालता हो, मी कुणाचं फुकट घेत नाही. तेव्हा त्याची अम्मी फोनवर म्हणाली, आमच्या वाडीत सावड असते. आम्ही तुझ्याकडे राबलो, तू आमच्याकडे राबायला ये. फिटलं." यशोधराने जुडीला गाठ मारली. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला म्हणालं, 'ये, काम कर.' नाहीतर सगळे म्हणतात, 'तू बस.' अगं, बसलेलीच आहे की मी!"

रुमाईसाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

"आता तू सांग," यशोधरा म्हणाली. "तू एवढ्या पावसात का आलीस?"

"सहज."

"सहज? लोणावळ्याहून?" ती मान तिरकी करून बघत राहिली. "जळतेस ना माझ्यावर?"

"मी? छे! तुझ्यावर कशाला… तू किती…"

"बिचारी आहेस, असं म्हणणार होतीस?"

"हो जळते!" रुमाईसा ओरडली. इतके दिवस दाबलेलं सगळं एकदम उसळलं. "खूप जळते! झोप येत नाही मला! तू येतेस काय, एका चाकावर फिरतेस काय, चिखलातसुद्धा तुझी लिपस्टिक हलत नाही! तो ड्युएट माझा होता! मी लहानपणापासून मरमर केलीय त्याच्यासाठी! ड्युएट माझा होता आणि मोईन पण—"

तिने जीभ चावली. सगळ्या खाचरात एकही हात हलत नव्हता.

"मोईन पन काय?" झुंबरबाईंनी कानावरचा कागद बाजूला केला. "पुडं बोल की!"

रुमाईसाने जुडी उचलली आणि दिसेल तिथे रोपं खोचायला सुरुवात केली.

यशोधरा हसत होती. हसता हसता तिने डोळे पुसले आणि चिखल आणखी पसरला. "परत म्हण."

"काय?"

"जळतेस ते."

"…जळते."

"रुमाईसा, मला लोकांनी काय काय दिलंय माहितीये? आशीर्वाद, चॉकलेटं, कुणाकुणाच्या आज्यांच्या दुआ. पण माझ्यावर जळलं कुणीच नव्हतं गं! कॉलेजात माझ्यापेक्षा कमी मार्कांची मुलगीसुद्धा माझं कौतुक करते. किती वाट बघितली मी!"

"मग ड्युएट सोडशील?"

"वेडी आहेस का? कुणीतरी जळतंय असा ड्युएट कोण सोडतं!"

रुमाईसाने आणखी दोन रोपं खोचली. मग म्हणाली, "तुझा डावा हात उशिरा येतो. चाक सोडताना. मोईन दर वेळी थांबतो तुझ्यासाठी."

यशोधराचं हसू विझलं. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू टाळ्या वाजवत होतीस?"

"…हो."

"जळलीस ते आवडलं मला. हे नाही आवडलं." तिने हातातली जुडी बाजूला ठेवली. "मला तसंच स्टेजवर जाऊ देणार होतीस. लोकांनी दयेने टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मला वाटलं असतं, मी चांगली नाचले."

माफी मागायचं सोडून रुमाईसाने समोर चिखलातच फतकल मारली, बोटांनी मात्रा मोजली आणि हात पुढे केला. "चल. दे हात. उशीर झाला तर ओरडणार आहे मी."

यशोधराने डोळे बारीक केले. मग हात दिला. "उशीर!" पुन्हा. "उशीर!" पुन्हा. "अगं, कोपरातून नाही, खांद्यातून!" झुंबरबाई मधूनच ओरडायच्या, "नाच मागनं! जुड्या आधी!" दुपार कलेपर्यंत हात बरोबर मात्रेवर यायला लागला होता, आणि रुमाईसा आधीपेक्षा दुप्पट जळत होती, कारण आता यशोधरा खरंच अप्रतिम दिसत होती.

संध्याकाळी यशोधराला न्यायला तिचा भाऊ गाडी घेऊन आला. खुर्चीवरून कोंबडीला उठवताना ती म्हणाली, "रुमाईसा, उद्या सरावाला ये. जळत ये." आणि मोईन रुमाईसाला जीपच्या फाट्यापर्यंत सोडायला निघाला. दोघांत एकच छत्री, तीही तिची, अजून उलटीच व्हायच्या बेतात.

वाडी मागे पडेपर्यंत ती डबकी चुकवत चालली.

"ऐकलंस सगळं?" तिने शेवटी विचारलं.

"आख्ख्या वाडीनं ऐकलं." गालाला ती खळी पडली. "ते 'मोईन पण'च्या पुडं काय व्हतं?"

"आधी तू सांग. तिच्याबरोबर नाचताना तू कुठे बघतोस?"

"चाकाकडं. न्हाई बघितलं तर पायावरनं जातंय माझ्या."

"आणि माझ्याबरोबर?"

तो थांबला. छत्री तिच्या बाजूला धरली, स्वतः भिजत उभा राहिला. "तुझ्यासंगं… कुटं बघायचं तेच कळत न्हाई. तुझ्याकडं बघितलं की ताल जातोय, न्हाई बघितलं तर जीव जातोय. टीचर म्हनल्या, मोईन, हिच्यासंगं तू स्टेजवर पडशील आन् हिला बी पाडशील. म्हनून दिला न्हाई तुला ड्युएट."

म्हणजे इतक्या रात्री, इतकं तळमळणं, ती दुआ… आणि तो चुकत होता ते यासाठी!

"मूर्खा," ती म्हणाली. आवाज मात्र अगदीच वेगळा निघाला. "मग सांगायचं ना."

"तू तरी कुटं सांगितलंस? नुसत्या टाळ्या वाजवत व्हतीस."

तिने त्याच्या बाहीवरचा चिखल नखाने खरवडला. चिखल निघाला तरी खरवडत राहिली. "पुढचं असं होतं… ड्युएट माझा होता आणि मोईन पण माझा. आहे."

पावसाचा आवाज अचानक खूप मोठा झाला. मोईनने छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग एकदम कामाचं बोलावं तसं म्हणाला, "आज तू आमच्या खाचरात राबलीस. म्हंजी तुझी सावड आमच्यावर. काय काम हाय तुझ्याकडं? सांग, फेडतो."

"माझ्याकडे कुठलं शेत?"

"कायतरी आसंलच की."

तिने विचार केला. फाट्यावर जीपचे दिवे दिसायला लागले होते.

"आहे एक. फुफीला आणि अब्बूंना सांगायचंय."

"काय?"

"'मोईन पण'च्या पुढचं."

मोईनचा चेहरा उतरला. "त्यापरीस आख्ख्या लोणावळ्याला मंडप घालतो की मी…"

"सावड आहे. फेडावी लागते."

जीप आली, थांबली. रुमाईसा मागच्या फळीवर चढून बसली, छत्री मिटली, आणि हात हलवायला वळली, तर तो खाली नव्हताच. चिखलाने भरलेल्या पायांनी तिच्या शेजारी चढून बसला होता, समोर बघत, मंडपाच्या खांबासारखा ताठ.

"आत्ता?" ती किंचाळली.

"आवणीच्या दिसांत," मोईन समोरच बघत म्हणाला, "काम उद्यावर टाकत न्हाईत."